काशीतील एक नोंद



सरकारी कचेरीत ज्याची वीस-बावीस वर्षे गेली, त्याला कागद ह्या वस्तूविषयी एक प्रकारचा कोरडेपणा येतो. आमच्याकडे कागदांची प्रतवारी असते. अ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे आणि उतरत उतरत ड वर्गापर्यंत आले म्हणजे ते वर्षभराने नष्ट करावयाचे. अशा कागदांची यादी अधूनमधून माझ्या मेजावर येते आणि मी तिच्यावर सही करतो. त्या यादीत कोणाचा तरी अर्ज असतो, कोणाची तरी गाऱ्हाणी असतात. पण ती वाचण्याची रीत नाही. अनुक्रमांक जुळले की झाले. हे सांगण्याचे कारण इतकेच की, आज मी ज्या एका नोंदीविषयी बोलणार आहे, ती कोणत्या वर्गात घालावी हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

माझे वडील तारखात्यात होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९६३ साली ते तारबाबू म्हणून साताऱ्यास रुजू झाले आणि २००२ साली निवृत्त झाले. तारेचा तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल की, दारात तारवाला उभा राहिला म्हणजे घरातील बायका आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग तार फोडीत. कोणाच्या मृत्यूची बातमी त्याच्या मुलाबाळांच्या आधी अण्णांना कळत असे, आणि ती खाडाखोड न करता पुढे पोहोचविणे हे त्यांचे काम असे. ह्या कामामुळे त्यांच्या स्वभावात एक संयम आला होता. ते दुःखाविषयी कधी बोलत नसत. पण कोणाची तिथी मात्र कधी विसरत नसत. १४ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात ते मुद्दाम पुण्यास गेले आणि तेथून त्यांनी आईच्या नावाने एक तार केली. मजकूर होता : सुखरूप पोहोचलो. तार येण्याच्या आधी ते स्वतःच एस.टी.ने घरी येऊन पोहोचले होते, त्यामुळे आई त्यांच्यावर रागावली. तो कागद तिने देवघराच्या फळीखाली ठेवला आहे.

अशा माणसाच्या हाती २००० साली एक हातात मावणारा संगणक आला. माझा मामेभाऊ अमेरिकेत असे. तो येताना तो घेऊन आला. आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे आणि त्या टेलिफोनात संगणक आहे; त्यामुळे हा शब्द ऐकून कोणाची मान वळणार नाही. पण ह्या वस्तूलाही एक इतिहास आहे. १९८० साली जपानात शार्प कंपनीने खिशात मावणारा संगणक विक्रीस काढला. १९८४ साली इंग्लंडात सायन कंपनीचा ‘ऑर्गनायझर’ निघाला. १९९३ साली ॲपलचा ‘न्यूटन’ आला. माणसाने हाताने लिहिलेले आपण वाचून दाखवू अशी त्याची प्रतिज्ञा होती, आणि ती पुरी करताना त्याची जी फजिती झाली तिची चेष्टा वर्तमानपत्रांनी बरेच दिवस चालविली होती. मग १९९६ साली ‘पायलट’ नावाचे यंत्र निघाले. त्याने निराळीच युक्ती केली. माणसाचे अक्षर शिकण्याच्या भानगडीत ते पडले नाही. त्याने माणसालाच आपले अक्षर शिकावयास लावले! रोमन वर्णमालेतील प्रत्येक अक्षर शक्यतो एकाच फटक्यात, लेखणी न उचलता काढावयाचे, अशी ती लिपी होती. आपल्याकडेही बंगळुराच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्राध्यापकांनी आणि काही अभियंत्यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचे यंत्र बनविले. २००१ साली ते लोकांसमोर आले आणि २००४ साली विक्रीस निघाले. ते भारतीय भाषांत बोलेल, अक्षरओळख नसलेल्यालाही वापरता येईल, आणि गावातल्या पुष्कळ जणांनी एकच यंत्र आपापले कार्ड घालून आळीपाळीने वापरावे, अशी त्यामागची कल्पना होती. अण्णांनी त्याची बातमी कापून ठेवली होती. पुढे ते यंत्र अपेक्षेइतके खपले नाही, आणि अण्णांचे घेणे राहून गेले.

अण्णांचे यंत्र एका परदेशी कंपनीचे होते. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा दोष नव्हता. त्या यंत्राबरोबर एक बोरूसारखी बारीक कांडी मिळे. तिने काचेवर लिहावयाचे. आम्हां भावंडांना वाटले होते की, साठीला टेकलेला मनुष्य ही नवी लिपी काय शिकणार! ती त्यांनी चार दिवसांत आत्मसात केली. ज्याने चाळीस वर्षे टिंबे आणि रेघा ह्यांतून भाषा काढली, त्याला अक्षराचे असे सांकेतिक रूप परके वाटावयाचे कारणच नव्हते. उलट त्या लिपीचा त्यांच्यावर इतका परिणाम झाला की, पुढे ते कागदावरसुद्धा इंग्रजी ‘ए’ अक्षर मधल्या आडव्या रेघेशिवाय काढू लागले. बँकेने एकदा त्यांचा धनादेश सहीत फरक आहे म्हणून परत केला होता.

त्या यंत्रात देवनागरी नव्हती. अण्णा रोमन अक्षरांत मराठी लिहीत. दूधवाल्याचे हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोणाला लग्नात किती आहेर केला, असा सगळा संसार त्या मूठभर वस्तूत होता. पण तिचे खरे काम वेगळे होते. त्यांच्यापाशी आमच्या घराण्यातील सात पिढ्यांच्या मृततिथी होत्या. काही त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या, काही त्यांनी गावोगाव हिंडून जुन्या माणसांकडून मिळविलेल्या. यंत्राला इंग्रजी तारीख कळे, तिथी कळत नसे. म्हणून दर गुढीपाडव्याला, पंचांगाची पूजा झाल्यावर, अण्णा चष्मा लावून दाते पंचांग उघडीत आणि त्या वर्षी कोणती तिथी कोणत्या तारखेला येते ते काढून यंत्रात घालीत. ह्याला दुपारचे दोन वाजत. श्रीखंड गरम होई आणि आई चिडे. मात्र एक नोंद त्यांना दर वर्षी नव्याने करावी लागत नसे. ती तिथीची नव्हती, तारखेची होती. पावसाळ्यातल्या एका दिवशी सकाळी सहा वाजता ते यंत्र वाजे. अण्णा उठून ते बंद करीत आणि गच्चीवर जात. मी एकदा डोकावून पाहिले होते. तेथे एकच इंग्रजी अक्षर लिहिलेले होते. “कसली आठवण, अण्णा?” असे मी विचारले. “ऑफिसातली आहे एक,” असे ते म्हणाले. तारीख मी लक्षात ठेवली नाही.

आता त्या यंत्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याची सगळी स्मृती विजेवर जिवंत राही. दोन बारीक पेन्सिल सेल त्यात असत आणि ते संपण्याच्या आत बदलावे लागत. बदलताना जुने काढल्यावर मिनिटभरात नवे घातले पाहिजेत, अशी सूचना माहितीपुस्तकात ठळक छापलेली होती. अण्णा हा विधी टेबलावर स्वच्छ रुमाल पसरून करीत. नवे सेल आधी मांडून ठेवीत आणि आईला घड्याळ धरून बसवीत. त्या स्मृतीची नक्कल मोठ्या संगणकात उतरवून ठेवण्याची सोय होती. पण तिला जी जुन्या पद्धतीची खोबण लागे ती नव्या संगणकांना नसे, आणि आमचा जुना संगणक २००९ साली भंगारात गेला. त्यानंतर चौदा वर्षे ती सगळी माहिती ह्या दोन सेलांच्या आधारावर होती. आम्ही त्यांना नवा टेलिफोन घेऊन दिला. तो त्यांनी फक्त बोलण्यासाठी वापरला.

२०२३ च्या नोव्हेंबरात अण्णांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांचे वय ८१ होते. दुसऱ्या दिवशी नळ्या लावण्यापूर्वी ते मला म्हणाले, “सेल बदल रे. कालपासून सूचना येते आहे. टेबलाच्या खणात नवे आहेत.” मी होय म्हटले. पुढे एकोणीस दिवस मी मुंबई-सातारा अशा फेऱ्या घालीत होतो. घरी जाऊन आंघोळ करीत होतो, त्यांचे कपडे नेत होतो, त्या टेबलाशी बसून विम्याचे कागद भरीत होतो. खण मी उघडला नाही. ते गेले. दिवसपाणी झाले. जानेवारीत मासिक श्राद्धाची तारीख पाहावी म्हणून मी यंत्र हाती घेतले, तेव्हा काच काळी होती. नवे सेल घातले. काच उजळली. यंत्राने मला ओळख विचारली नाही, अण्णांचे नाव दाखविले नाही. एक फुलीसारखी खूण पुढे आली आणि तिच्या मध्यावर स्पर्श करा, असे शब्द उमटले. कारखान्यातून नुकतेच आलेले यंत्र असेच विचारते.

मी आईला सांगितले. ती म्हणाली, “त्यांच्याबरोबर गेलं, असं म्हण.” मला तसे म्हणता येईना. यंत्र त्यांच्याबरोबर गेले नव्हते. ते त्यांच्यानंतर काही दिवसांनी, एका बंद खणात, कोणी येईल म्हणून वाट पाहून गेले होते. हे मी भावनेच्या भरात बोलत आहे हे मला कळते. पण सेल बदलावयास दोन मिनिटे लागतात.

काशीला जाण्याचे आईने ठरविले. अण्णांनी १९८४ साली आपल्या वडिलांच्या अस्थी काशीस नेल्या होत्या, तेव्हा आता मी त्यांच्या न्याव्यात, हे तिच्या दृष्टीने उघड होते. बहुतेक अस्थी कृष्णेत सोडल्या होत्या. थोड्या तांब्याच्या लोटीत बांधून परसातल्या आंब्याच्या फांदीला टांगल्या होत्या. माझ्या श्रद्धेविषयी विचाराल तर मी इतिहासाचा विद्यार्थी. श्रद्धेकडेही साधन म्हणून पाहावयाची मला खोड. अण्णा देव मानीत होते की नाही, हे तर मला आजही सांगता येणार नाही. काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारकमंत्र सांगतो, अशी समजूत आहे. अण्णा हसून म्हणत, “तो तारक, आम्ही तारवाले. संदेश पोहोचल्याशी कारण.” २०२४ च्या फेब्रुवारीत मी आणि आई मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने निघालो. लोटी आईच्या मांडीवर होती. जबलपूर मागे पडेपर्यंत ती एका शब्दानेही बोलली नाही.

काशी परकी वाटत नाही, असे मराठी माणसे फार पूर्वीपासून म्हणत आली आहेत, आणि त्याला आधार आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली ह्या नगरीत पुरे केले. पैठणाहून येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी काशी, प्रयाग आणि गया ह्या तीन क्षेत्रांच्या आचारावर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. त्याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. तिथी कोणती धरावी ह्याचा वाद पडला की आजही पंचांगकर्ते त्याच्याकडे जातात, आणि अण्णांचा पाडव्याचा उद्योगही शेवटी त्यावरच टेकलेला होता. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट ह्याच घराण्यातील. विश्वनाथाचे देऊळ १७८० साली अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. नदीकडून पाहिले तर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, अहिल्याबाईंचा घाट अशी आपलीच नावे एकामागून एक येतात. हिंदी ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर ह्यांच्यासारखा मनुष्य ह्याच मराठी वस्तीने हिंदीला दिला. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथाच्या देवळापासून गंगेपर्यंत रुंद प्रशस्त मार्ग खुला झाला आहे. पण ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा ह्या बाजूच्या गल्ल्या अजूनही अशा आहेत की, समोरून गाय आली तर माणसाने ओट्यावर चढावे. ओट्यावर चढलेल्या आईने समोरच्या दारावरची मराठी पाटी वाचली आणि तिचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला.

आमच्या तीर्थोपाध्यायांचे घर अशाच एका गल्लीत आहे. गुरुजी सत्तरीच्या पुढचे. त्यांची मराठी आपल्याहून शुद्ध, पण मध्येच एखादे क्रियापद हिंदीच्या अंगाने वळे. त्यांनी आडनाव, गोत्र आणि मूळ गाव विचारले. “कृष्णाकाठ,” मी म्हणालो, “वाईच्या खालच्या अंगाला.” “मग वरच्या माळ्यावर,” असे म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली. आम्ही पाणी पिईपर्यंत तो लाल खारव्याच्या कापडात बांधलेले एक लांबट बाड घेऊन खाली आला. कचेरीतही आम्ही बाडे लाल फडक्यात बांधतो, हे पाहून मला उगाच घरच्यासारखे वाटले.

वह्या वरच्या माळ्यावर कशासाठी, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले की, पूर्वी त्या खालीच असत. १९७८ साली गंगेला पूर आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी घरातले धान्य तसेच ठेवून आधी वह्या वर नेल्या. त्या वर्षी काशीत पाण्याची पातळी ७३.९ मीटरवर गेली होती; तेथील पुराची गणना आजही त्या आकड्यापासून होते. “धान्य भिजलं, ते पुन्हा आणता आलं,” गुरुजी म्हणाले. “यजमान विचारायला आले असते तर काय सांगितलं असतं?” वही जीर्ण झाली म्हणजे दुसरीत उतरवून घ्यावयाची, दसऱ्याच्या सुमारास उन्हाला घालावयाची, कसर लागू नये म्हणून निंबाचा पाला ठेवावयाचा, अशी त्या घराची रीत आहे. आता मुलगा पानांची छायाचित्रे टेलिफोनात घेऊन ठेवतो. गुरुजींना ते मान्य आहे, पण त्यांचा एक आक्षेप आहे. मुलाने सहा वर्षांत तीन टेलिफोन बदलले, आणि दर वेळी जुन्यातले नव्यात नेताना दोन दिवस घरात आरडाओरड झाली.

वही उघडली. आमच्या गावाची पाने निघाली. सर्वांत जुनी नोंद मोडीत होती. एम. ए.च्या वेळी शिकलेली मोडी मला अडखळत वाचता आली, आणि माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव मी त्यांच्याच हातचे वाचले. खाली पणजोबा, बालबोधीत. मग दोन पाने उलटल्यावर, निळ्या शाईत, १९८४. ते अक्षर ओळखावयास मला वेळ लागला. कारण त्यातल्या इंग्रजी सहीतील ‘ए’ला मधली आडवी रेघ होती.

अण्णांनी रीतीप्रमाणे सारे लिहिले होते. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांच्या तिथी, भाऊ, चुलते, पुढे ‘पत्नी’, आणि ‘चिरंजीव’ म्हणून माझे नाव, वय वर्षे सात. यंत्रात होते ते सगळे ह्या पानावर नव्हते. सातांपैकी तीनच पिढ्यांच्या तिथी होत्या. बाकीच्या त्यांनी पुढच्या आयुष्यात गोळा केल्या आणि त्या गेल्या. वही पाहून माझे नुकसान भरून निघाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. शिवाय ह्या वह्यांचे कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. तेथे तोच लिहिला जातो ज्याला काशीस येणे परवडले. बायका येतात त्या कोणाची तरी पत्नी म्हणून, आणि मुली बहुधा येतच नाहीत.

म्हणूनच समासातील ती ओळ मला दिसली. ती आडवी, वही फिरवून लिहिलेली होती. एक नाव, आणि पुढे : कन्या, वय ४ महिने, दि. ९-८-७४. नाव मी येथे सांगत नाही. त्याचे पहिले अक्षर मी पूर्वी एकदा एका काचेवर पाहिले होते.

माझा जन्म १९७७ चा. मला मोठी बहीण होती, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी काशीत एका ओसरीवर कळले. मी आईकडे पाहिले. तिने चष्मा लावला, पान जवळ ओढले आणि ती ओळ बोट ठेवून वाचली, जशी ती पोथी वाचते. मग म्हणाली, “मला बोलले नव्हते, इथं लिहिलं म्हणून. मी त्या वेळी खाली नावेपाशी तुला धरून बसले होते.” काही वेळाने ती आपण होऊन म्हणाली, “ते यंत्र कशाचं वाजायचं ते मात्र मला ठाऊक होतं. त्यांना वाटायचं, मी झोपलेली असते.”

गुरुजींनी पान आपल्याकडे फिरवून पाहिले. इतक्या लहान लेकराचे श्राद्ध होत नाही. त्याला पिंड नाही, तिथी नाही. शास्त्राने ज्याला जागा ठेवलेली नाही त्याची नोंद वहीतही होत नसते. “माझ्या वडिलांनी करू दिली असणार,” ते म्हणाले. “ते तसे कडक होते. आपल्या वडिलांनी काही सांगितलं असेल त्यांना.” काय सांगितले असेल? ज्याने आयुष्यभर लोकांच्या मृत्यूच्या बातम्या जशाच्या तशा पुढे पोहोचविल्या, त्याने ही एक बातमी दहा वर्षे आपल्यापाशी ठेवली आणि अखेर शेकडो कोसांवरच्या एका अनोळखी माणसाच्या वहीत उतरविली. ह्याला श्रद्धा म्हणावे की नाही, हे मी त्या ओसरीवर बसून पुष्कळ वेळ ठरवीत होतो. ती ओळ ते कोणासाठी लिहीत होते? मी तेथे कधी काळी येईन, वही वाचीन, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गुरुजींच्या घरचे लोक पुरात ती वही डोक्यावरून माळ्यावर नेतील, एवढाच काय तो भरवसा त्यांना होता.

दुपारी पंचगंगेच्या घाटावरून नाव केली. नावेच्या काठाला पैसे देण्यासाठीची चौकटीची खूण चिकटविलेली होती, आणि मंत्र चालू असताना नावाड्याचा टेलिफोन दोनदा वाजला. मला राग यावयास हवा होता, तो आला नाही. भोसल्यांचा घाट गेला, शिंद्यांच्या घाटाशी कललेले देऊळ दिसले, मणिकर्णिकेचा धूर जवळ आला. प्रवाहाच्या मध्यावर गुरुजींनी खूण केली. लोटीचे तोंड सोडताना गाठ बसली होती. ती आईने दातांनी सोडविली. अस्थी पाण्यात गेल्यावर आवाज झाला नाही. आईने मुठीतली फुले सोडली. थोड्या वेळाने निराळी अशी एक कळी सोडली, ती कोणासाठी हे मी विचारले नाही.

संध्याकाळी वहीत लिहावयास बसलो. गुरुजींनी बोरू नव्हे, साधे शाईचे पेन दिले. बॉलपेनची शाई टिकत नाही, असे त्यांचे मत. मी अण्णांचे नाव, तिथी, तारीख लिहिली. भाऊ, भावजय, पत्नी नावाने लिहिली, माझ्या दोन मुली लिहिल्या. समासातली ओळ वर घेऊन माझ्या आधी, तिच्या क्रमाने लिहिली. आई शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, “माझंही पुरं नाव आत्ताच घाल. पुढच्या खेपेला फक्त तारीख घालायची राहील.” गुरुजी हसले, मला हसता आले नाही, पण नाव घातले. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवण्यात आली. तेवढ्यात मुलाने त्या पानाचे छायाचित्र घेतले आणि माझा टेलिफोन क्रमांक मागितला.

घरी आल्यावर मी खण उघडला. यंत्राला नवे सेल घातले आणि ते मागत होते त्या खुणेच्या मध्यावर कांडी टेकविली. त्याची लिपी मला येत नव्हती. माहितीपुस्तक समोर ठेवून दोन संध्याकाळी ती शिकलो. आडव्या रेघेवाचून ‘ए’ काढताना माझा हात अजूनही थबकतो. त्यात मी एकच नोंद केली, आणि त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आई घड्याळ धरून बसली म्हणजे, सेल बदलतो.

२०२४ च्या ९ ऑगस्टला सकाळी सहा वाजता ते वाजले. मी बंद करण्यासाठी उठलो, तर आई आतून म्हणाली, “थांब. वाजू दे जरा.”